लेमूर, बाबा आणि काळ्या मनुका

जनावरांना उपाशी ठेवणारी बाई अशी माझी कीर्ती झाली, आणि ती कुणा परक्याने नाही, माझ्या जन्मदात्या बापाने केली. इथे परदेशात, चोआ चू कांगला आमच्या इमारतीखाली संध्याकाळी जी म्हातारी मंडळी बसतात त्यांना मराठीचा गंध नाही, आणि बाबांचं इंग्रजी वीज मंडळाच्या पत्रव्यवहारापुरतं. तरी ते आल्यापासून महिन्याभरात लिफ्टमध्ये एका शेजारणीने मला विचारलंच, की तू काम करतेस त्या झूमध्ये प्राण्यांना नुसता पालापाचोळा घालतात म्हणे, खरं का? मी हसले. दुसरं काय करणार?

मी झूमध्ये प्राण्यांच्या खाण्याचं बघते. कुणाला काय द्यायचं, किती द्यायचं, हे ठरवायचं माझं काम. पशुवैद्यकीचं शिक्षण मुंबईत झालं आणि नोकरीसाठी इकडे आले. लोकांना वाटतं वाघसिंहांचं खाणं अवघड असेल. वाघाचं काही नसतं हो, मांस टाकलं की झालं. माझं डोकं खाल्लं ते लेमूरने.

मांजरापेक्षा जरा मोठा, काळापांढरा, गळ्याभोवती पांढऱ्या केसांची झालर, कुत्र्यासारखं लांब नाक आणि पिवळे डोळे. हा प्राणी जगात एकाच ठिकाणी रानात राहतो, मादागास्करच्या पूर्वेकडच्या पावसाच्या जंगलात. ते जंगल लोक भातासाठी जाळतात, लाकडासाठी तोडतात, आणि आता त्याचे नुसते तुकडे राहिलेत. याला तर लागतात जुनी, उंच झाडं, कारण हा जगतो फळांवर. फळ गिळतो, बी जशीच्या तशी दूर कुठेतरी टाकतो, तिथे नवं झाड येतं. झाडं गेली की हा जाणार, आणि हा गेला की पुढची झाडं कोण लावणार? म्हणून ठिकठिकाणच्या झूमध्ये यांची पैदास करतात. कुठली मादी, कुठला नर, हे नातं तपासून ठरतं, दोघं जवळचे नकोत. आपल्याकडे सोयरीक जमवतात तसंच, फक्त मानपान नाही.

आमच्याकडे एक मादी होती. तिच्या घराण्यातलं पैदाशीच्या वयाचं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिला पिल्लं व्हायला हवी होती. आणि बाईसाहेब झाल्या होत्या लठ्ठ. रानातली फळं तुरट, आंबट, चोथ्याची असतात. आपण पिकवलेलं केळं त्यांच्यापुढे म्हणजे पेढाच. वर्षानुवर्षं पेढे खाऊन तिला चरबी चढलेली, आणि चरबी चढली की गर्भ राहणं कठीण. त्यात या जातीची मादी वर्षातून एकदाच माजावर येते, तेही जेमतेम एकदोन दिवस. आदल्या वर्षीचे ते दिवस फुकट गेले होते. वय उतरणीला लागलेलं. यंदाही नाही जमलं तर नराला दुसऱ्या देशात पाठवायचं ठरलं होतं, म्हणजे तिचा विषय कायमचा संपला.

मी केळी बंद केली, पपई बंद केली, द्राक्षांना तर हातसुद्धा लावू दिला नाही. कांगकोंगची पालेभाजी, लांब शेंगा, काकडी, झाडाचा कोवळा पाला. सगळं मोजून. तिची देखभाल करणारा आमचा माणूस, वीस वर्षं त्याच प्राण्यांत काढलेला, माझ्याकडे असा बघायचा की मी त्याच्या लेकीला सासुरवास करतेय.

त्याच सुमारास बाबा आले. आई गेल्यावर पिंपरीच्या घरात एकटे राहात होते, हट्टाने. मी भांडून व्हिजिट पासवर घेऊन आले. आम्ही दोघं नवराबायको दिवसभर कामावर, मुलगी शाळेत, बाबा घरात काय करणार? झूचा वर्षाचा पास काढून दिला. घराजवळून एका बसमध्ये तिथे पोचता येतं. वाटलं, चालणं होईल, साखर ताब्यात राहील, चार झाडं बघतील.

चार झाडं कसली! बाबा रोज लेमूरसमोर जाऊन बसायला लागले. तिथे लेमूर मोकळे असतात, माणसांनी वाटेवरून चालायचं, ते डोक्यावरच्या फांद्यांवर. ही जात सकाळी उन्हात बसते ती ताठ, मांड्या पसरून, हात गुडघ्यांच्या बाजूला, डोळे अर्धे मिटून. अंग शेकण्यासाठी बसते. बाबांनी ते पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, की ती मादी ध्यानाला बसते. दर पौर्णिमेला विहारात जाणारा माणूस, त्यांना ध्यान कळतं, मला कळत नाही. मी म्हटलं, बाबा, ऊन खातेय ती. तर म्हणाले, ऊनच खाणार बिचारी, तुम्ही दुसरं देता काय?

त्यानंतर रोज रात्री जेवताना तोच विषय. आज तिला काकडी दिली. आज पुन्हा पाला. तिने पाल्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात आग्रहाशिवाय कुणी जेवलं नाही कधी. माझ्या लग्नात बाबांनी व्याह्यांना जिलबीचा इतका आग्रह केला की ते दोन दिवस अंथरुणात होते. नवऱ्याला गंमत वाटायची, तो आणखी काडी टाकायचा. मुलगी तेवढी माझ्या बाजूची. "आजोबा, शी इज ऑन डाएट, लाह," असं इथल्या पोरांसारखं म्हणायची आणि ताट उचलून जायची. बाबांचं स्वतःचं जेवणही मी मोजूनच वाढत होते, मधुमेहासाठी. त्याचाही राग त्या लेमूरच्या नावाने निघत असणार.

इकडे वजन काही हलेना. आमच्या लेमूरना काट्यावर स्वतःहून बसायची सवय लावली आहे. बाकीचे सगळे जिथल्या तिथे, हिचं मात्र उतरतच नव्हतं, एकदा तर चढलं. माझ्या साहेबीणबाई ओरडत नाहीत. हळू आवाजात विचारतात, आपल्याकडून काही निसटतंय का? ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. मी सगळा तक्ता पुन्हा तपासला, आणखी कापला. शेवटी त्या देखभाल करणाऱ्या माणसाला तोंडावर विचारलं, की तू तिला चोरून काही देतोस का. तो बादली उचलून चालता झाला. त्यानंतर कामापुरतंच बोलायला लागला.

मग एक दिवस तोच माणूस एका ताटलीत तिची विष्ठा घेऊन माझ्या खोलीत आला. ताटली टेबलावर ठेवली. विष्ठेत बिया होत्या. बारीक, लांबट, आणि त्यांना चिकटलेली काळपट सुरकुतलेली सालं. पाल्यात नसते ही बी. काकडीत नसते. मी एक बी चिमट्याने उचलून उजेडात धरली. इथल्या सुपरमार्केटमधले बेदाणे बिनबियांचे असतात. बियांच्या काळ्या मनुका इथे कोण खातं? मी लिटल इंडियातल्या एका दुकानातून आणते, मुद्दाम. बाबांची साखर अचानक उतरली तर तोंडात टाकायला, त्यांच्या शर्टाच्या खिशात.

मी तशीच तडक गेले. बाबा बाकावर बसले होते, टोपी मांडीवर. ती वरच्या फांदीवर. त्यांनी मान वर करून म्हटलं, "ये बाई, जेव." आणि ती आली. इतके महिने हाका मारून काट्यावर यायला नखरे करणारी ती बया बाबांच्या मराठीला झरझर खाली आली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तळहातावरची मनुका ओठांनी उचलून घेतली. अगदी अलगद. बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते आई गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. ते बघूनही माझा राग तसूभर कमी झाला नाही. खरं सांगते, वाढलाच.

पर्यटकांच्या देखत, भर वाटेवर मी त्यांच्यावर ओरडले. आवाज किती चढला मला माहीत नाही, पण माकडांच्या बाजूची माणसंसुद्धा वळून बघत होती.

"उपाशी राहून कुणाला काही मिळत नाही," बाबा म्हणाले. "हे अडीच हजार वर्षांपूर्वी ठरलंय. तथागतांनी स्वतः करून बघितलं, हाडं राहिली नुसती. शेवटी खिरीची वाटी घेतली तेव्हा कुठे."

बुद्धालाच आणून बसवल्यावर माणसाने भांडायचं कुणाशी? पण मी भांडले. म्हटलं, "तिला बुद्ध व्हायचं नाहीये बाबा, तिला आई व्हायचंय. आणि तुमच्या या मनुकांमुळे ती होणार नाही. तिचं सगळं घराणं तुमच्या खिशात संपणार आहे."

त्यांनी खिशातल्या सगळ्या मनुका काढून माझ्या हातात दिल्या, टोपी घातली आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. मी हाक मारली नाही. साहेबीणबाईंना जाऊन सगळं सांगितलं, आणि बाबांचा पास रद्द झाला. तो तसा व्हायलाच हवा होता, दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मीच मागे लागून केला असता. त्या देखभाल करणाऱ्या माणसाची माफी मागितली. तो म्हणाला, तुझे वडील रोज मला गुड मॉर्निंग म्हणायचे, आम्हाला कुणाला संशयच आला नाही.

पुढचे दिवस घरात बाबा मोजकं बोलत, मोजकं खात. रात्री एकच प्रश्न विचारायचे, वजन उतरलं का? उतरत होतं. मनुका थांबल्यावर आपोआप उतरायला लागलं, पण दिवस थोडे राहिले होते. बाबांनाही घराची ओढ लागली होती, की मला टाळायचं होतं, देव जाणे. व्हिजिट पासची मुदत संपायच्या आधीच ते पिंपरीला परतले. विमानतळावर म्हणाले, "पिल्लं झाली की फोटो पाठव. तेवढा एक पाठव."

मादीचे ते दिवस आले. नर तिच्यापाशी गेला, तिने जाऊ दिलं, सगळं रीतसर झालं. वजन तेव्हा हवं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच होतं. थोडंच. आम्ही वाट बघितली. या जातीची मादी पिल्लं व्हायच्या आधी घरटं बांधते, पानं न् काड्या गोळा करून. आम्ही तिच्यासाठी झाडावर टोपल्या बांधल्या, मऊ पाला ठेवला. तिने त्यातलं एक पान हलवलं नाही. शेवटी सोनोग्राफी केली. पोटात काही नव्हतं.

साहेबीणबाई म्हणाल्या, याची कारणं दहा असू शकतात. वय असेल, काहीही असेल, नक्की सांगता येणार नाही. ते खरंच आहे, मीही तेच लिहिलं. नराला पेटीत बसवून विमानाने पाठवलं. तो गेला त्या सकाळी ती उन्हात बसली होती, नेहमीसारखी ताठ. मला बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन काकड्या चिरणाऱ्या पोरींवर उगाच खेकसले.

रविवारी बाबांचा फोन आला. हवापाणी झालं, नातीची परीक्षा झाली, गुडघेदुखी झाली. मग त्यांनी विचारलं. मी दोन दिवस ठरवून ठेवलेलं बोलले.

"नाही राहिलं, बाबा. नरातच दोष होता, तपासणीत निघालं. तुमच्या मनुकांचा काही संबंध नव्हता."

पलीकडे बाबांनी पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"लहानपणापासून बघतोय," बाबा म्हणाले. "खरं असलं की तू माझ्यावर ओरडतेस. आज का ओरडत नाहीयेस?"