मण्यातली चीर

बाबा गेले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लिंबाएवढा एक मणी सापडला. पूर्णेच्या पात्रातला तांबूस दगड त्यांनी कितीतरी महिने घासून गोल केला होता. तो माझ्यासाठी होता, फक्त भोक पाडायचं राहिलं होतं.

तो घेऊन मी दर्यापूरहून अकोल्याला, जठारपेठेतल्या एका बाईंकडे गेले. दगडाच्या मोठ्या मण्यांना भोकं पाडणं हेच त्यांचं काम. त्यांनी मणी उजेडात धरून फिरवला.

"आत चीर हाये, ताई. फुटूही शकते. पाडू का राहू देऊ?"

डबीत ठेवून तरी काय करणार होते? "पाडा," मी म्हणाले.

मण्यावर पाणी सोडत त्यांनी बारीक ड्रिल टेकवलं. "कोनं घडवला जी?"

मी बाबांचं नदीवर जाणं, आईची त्यावरची कुरकुर सांगू लागले. अर्ध्यावर मशीनचा आवाज बदलला, तशी मी गप्प झाले. त्यांनी हात थांबवला.

"बोला ना. तुमी गप बसल्या का मलेबी भेव वाटते, मंग हात थरथरते."

त्यांनी मणी उलटवून दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. मी बोलत राहिले. बाबांचा शेवटचा दिवस मी घरातही कुणाला सांगितला नव्हता, तो त्यांना सांगितला. त्यांनी मान वर केली नाही.

भोक आरपार गेलं. मणी शाबूत होता. मला मात्र रडू आवरेना. बाईंनी दोरा ओवून तो माझ्या गळ्यात बांधला आणि पंखा माझ्याकडे वळवला. दारात गिऱ्हाईक आलं होतं. त्याला त्यांनी हातानेच थांबायची खूण केली.

"बसा जी," मला म्हणाल्या, "घाई नाई."