जमादाराची कांदेनवमी

धाड गावच्या अंबूबाईच्या घरात अन्न वाया गेलं, असं कधी घडलं नाही. शिळी भाकर कुस्करून फोडणीत जायची, ताक आंबलं की कढी व्हायची, आणि ज्याचं काहीच व्हायचं नाही ते जमादाराच्या पोटात जायचं. जमादार म्हणजे तिचा तांबडा कुत्रा. वांग्याच्या वाफ्यात रानडुक्कर शिरलं की तो असा काही भुंकायचा, की डुकराच्या आधी अंबूबाईचा नवरा शेषराव खाटेवरून खाली यायचा.

त्या वर्षीची कांदेनवमी आली. दोन दिवसांवर एकादशी, मग चार महिने कांदा बंद. म्हणून गल्लीभर कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याचं पिठलं. माणसं खाऊन खाऊन भिंतीला टेकली, तरी परातीत उरलंच. शेजारची पुष्पाबाईही आपलं उरलेलं घेऊन आली.

"एकादशीले हे घरात चालत नाई वं अंबूबाई. टाकू का?"

"टाकतं काऊन? जमादाराले कुठं एकादशी हाय!"

जमादारानं परात अशी चाटली, की घासायचं कामच उरलं नाही.

चार-दोन दिवसांनी मात्र तो उठेना. डुकरं वांगी तुडवून गेली, यानं नुसती मान उचलली. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळपट लाल.

"नजर लागली. मिरच्या ओवाळ," शेषराव म्हणाला.

अंबूबाईनं ओवाळल्या. शेषराव शिंकून शिंकून बेजार झाला, जमादारानं कानसुद्धा हलवला नाही.

बाजाराच्या दिवशी बुलढाण्याहून जनावरांचे डॉक्टर यायचे. अंबूबाईनं जमादाराला भाजीच्या टोपल्यात घातलं, वर फडकं टाकलं अन् टोपलं डोक्यावर घेऊन निघाली. बाजारात दम खायला टोपलं खाली ठेवते न ठेवते, तोच एका बाईनं फडकं उचललं.

"वांगे कसे दिले... अगं माय वं! वांग्याले मिशा!"

डॉक्टर मूळचे पुण्याकडचे, शब्दाला इस्त्री करून बोलायचे. "बाई, याला काय खाऊ घातलंत?"

"आमी खाल्लं तेच. भजे, थालीपीठ, पिठलं."

"कशाचं?"

"कांद्याचं! नवमी नोती का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, कांदा म्हणजे कुत्र्याला विष. शिजवला तरीही. त्याचं रक्तच नासतं. लसूणही तसाच."

अंबूबाईनं जमादाराला टोपल्यातून मांडीवर ओढलं. "म्हंजे म्याच मारलं का हो याले?"

"मेला कुठंय? वेळेवर आणलंत. पाणी भरपूर, अन्न साधं, आणि कांद्याचा कणही नको. बरेच दिवस पाळावं लागेल. जमेल ना तुम्हाला?"

अंबूबाई रडता रडता फिसकन हसली. "डाक्टरसाहेब, एकादशीपासून आमच्या घरात कांद्याचं सालटंई नाई!"

माणसांबरोबर कुत्र्यानंही चातुर्मास धरला. गोकुळाष्टमीच्या सुमारास एका पहाटे वाफ्यातून दणदणीत भुंकणं ऐकू आलं, पाठोपाठ शेषराव धपकन पडल्याचा आवाज. अंबूबाई अंथरुणातच टाळ्या पिटत म्हणाली, "उठला माहा जमादार!"

"अन् मी पडलो त्याचं?" खालून शेषराव कण्हला.

पुढच्या कांदेनवमीला उरलेली परात तिनं नवऱ्यापुढे सरकवली.

"अवं, पोट फुटन माहं! दे ना जमादाराले."

"त्याले कांदा बाधते. तुम्हाले कुठं बाधते?"

दारात जमादार कोरडी भाकर कडाकडा मोडत होता. शेषरावानं त्याच्याकडे एकदा हेव्यानं पाहिलं, अन् आणखी एक भजं उचललं.