गोगो शुवायनं नीट केलेले चेहरे

गोगो शुवायनं, म्हणजे शुवाय आजीनं, सगळ्यांचा फोटो काढल्याशिवाय त्या घरात कुणाला घास तोंडात घालता यायचा नाही. ताटातला सादझा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, गार पडायचा, पालेभाजीवर साय धरल्यासारखं तेल जमायचं, आणि गोगो दारात उभी राहून, फोन लांब धरून हुकूम सोडत असायची.

"किझितो, शर्ट बदल. बाहीला ग्रीस लागलंय."

"आई, भूक लागलीय."

"भूक फोटोत दिसत नाही, ग्रीस दिसतं. रुवा, नाकातलं बोट काढ. रुवाची आई, हस जरा. अशी हस, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे आज घरात मटण शिजलंय."

नेत्साय, म्हणजे रुवाची आई, किझितोची बायको, खरोखर तशी हसायची. ताटात सुकट असली तरी.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. शाळेचे गणवेश शिवून पोट भरायचे. माझं मशीन खिडकीशी, आणि खिडकी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारासमोर. त्यामुळं त्या घरातलं जे काही होतं ते मला बघावं लागत नव्हतं, आपोआप दिसायचं. आमच्या साकुब्वा वस्तीत घरं असतातच अशी, एकमेकांच्या मांडीवर बसलेली.

फोन आणला होता थोरल्या लेकीनं, फेलिस्तसनं. ती इंग्लंडात, लेस्टरला, म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. सुट्टीवर आली तेव्हा आईला फोन दिला आणि नको ते बोटानं कसं पुसायचं ते शिकवून गेली. तिला वाटलं असेल, आई चार दिवस खेळेल आणि ठेवून देईल. पण गोगोनं तो फोन खाली ठेवलाच नाही. दुपारी आवकाडोच्या झाडाखाली चटई टाकायची, पाय लांब करायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि सकाळचे फोटो घेऊन बसायची. आधी अंगणातली बादली गेली. मग कुत्रं गेलं. मग भिंतीची भेग बुजली.

"टेक्ला," एकदा मला म्हणाली, "तुझा परकर पुसला बरं का."

"कुठला परकर?"

"दोरीवरचा. निळा. लेस्टरच्या माणसांना कशाला दाखवायचा तुझा परकर?"

मी हसले. सगळेच हसायचे. संध्याकाळी फोटो घराण्याच्या ग्रुपवर गेला की लेस्टरहून, जोहान्सबर्गहून, चिपिंगेहून लाल बदाम पडायचे. चिपिंगेला नेत्सायचा भाऊ ओनियास असायचा. तो दर वेळी लिहायचा, 'माझी बहीण राणीसारखी दिसते.' गोगो ते मोठ्यानं वाचून दाखवायची.

बसायच्या खोलीत भिंतीवर गोगोचा तिच्या नवऱ्याबरोबरचा जुना फोटो होता, स्टुडिओतला. त्यात नवरा समोर बघतोय आणि ही मान वळवून भलतीकडंच. लोकांना ती त्या काळची ऐट वाटायची. मला एकदा गोगोनंच सांगितलं, "ऐट कसली? गाल सुजला होता. फोटोवाला म्हणाला, बाई, तोंड तिकडं करा. केलं. तो मेला, पुरला, त्याच्यावर गवत उगवलं, आणि मी अजून तिकडंच बघतेय." त्या फोटोचाही तिनं फोनवर फोटो काढला होता. गाल उजळ केला, सूज उतरवली. मान मात्र तिला वळवता आली नाही. "तेव्हा असा फोन असता तर?" ती म्हणाली. मला वाटलं, तेव्हा फोन असता तर काय झालं असतं? पण मी मान डोलावली. घरमालकीणच ती.

किझितो लाकडाचा ट्रक चालवायचा. आरागिरण्या बंद पडल्या तसा तो कोपऱ्यावर उभा राहायला लागला, मग पिऊन घरी यायला लागला, आणि मग त्याचा हात सुटायला लागला. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी नेत्सायचा डावा डोळा त्यानं पार बंद करून टाकला. सकाळी चर्चहून आल्यावर सगळे जेवायला बसले आणि नेत्साय स्वयंपाकघरातच उभी राहिली.

"आई, आज मला नका ना घेऊ फोटोत."

"ये, बस."

"आई, बघा तरी माझ्याकडं."

"बघितलं. बस म्हणते ना. मी नीट करते."

आणि केलं तिनं. दुपारभर बसली होती. नेत्सायचा उजवा डोळा घेतला, उलटा फिरवला, डावीकडं बसवला, भोवतीचा काळा रंग पुसून गालाचा रंग ओढला. मग सुनेला हाक मारली. नेत्साय रीतीप्रमाणं गुडघ्यावर बसली आणि एका डोळ्यानं फोनमध्ये बघायला लागली.

"बघ," गोगो म्हणाली, "तुझ्या खऱ्यापेक्षा चांगला झालाय."

नेत्सायनं फोन डोळ्याजवळ नेला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "पापण्या लांब केल्यात तुम्ही." आणि उठून भांडी घासायला गेली. तिला कपडे धुताना गायची सवय होती. त्या दिवसापासून मी तिचं गाणं ऐकलं नाही.

पुढं गोगोचा हात बसला. फुटलेला ओठ तिला सोपा जायचा. कानामागची जखम केस ओढून झाकायची. रुवाच्या वाढदिवसाला नेत्सायचा पुढचा दात गेलेला होता, तर तिथं तिनं जुन्या फोटोतला दात आणून बसवला, आणि तो इतका बेमालूम बसला की फेलिस्तसनं तिकडून लिहिलं, 'वहिनी, कुठली पेस्ट वापरतेस?' मुलाला गोगो एका शब्दानं बोलली नाही. एकदाच बोलली, तेही माझ्या खिडकीखाली.

"तोंडावर मारू नको रे. माझी दुपार जाते त्यात."

किझितो हसला. गोगोही थोडी हसली.

तिला कुणी दुष्ट म्हटलं असतं तर तिला कळलंच नसतं. रुवाला ती मांडीवर घेऊन भरवायची. सुनेला ताप आला तर पेज करून द्यायची. आणि रात्र होता होता फोटो बघत म्हणायची, "काय छान गेला रविवार!" तिला ते खरंच वाटायचं. जे पुसलं ते तिच्या लेखी झालेलंच नव्हतं.

थंडी सरता सरता किझितोनं नेत्सायचा जबडा मोडला. दवाखान्यात गोगो तिच्याबरोबर गेली, तिच्या खुर्चीमागं उभी राहिली, आणि नर्सनं विचारल्यावर नेत्सायनं मान हलवून दाखवलं, की हो, नळाच्या पायरीवर घसरले. जबडा तारेनं बांधला. तो जुळला, पण वाकडा. तोंड एका बाजूला ओढलेलं राहिलं आणि बोलणं बोबडं झालं. ओनियास आला, बहिणीचा चेहरा बघितला, आणि तिला माहेरी चिपिंगेला घेऊन गेला. रुवा तेव्हा चारची पण नव्हती. तिला गोगोनं सोडलं नाही. रोरा, म्हणजे वधूमूल्य, देऊन आणलेल्या बाईची मुलं बापाच्या घराची, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आमच्याकडं असलं काही झालं की पोलिसांच्या आधी आत्याकडं जातात. किझितोची आत्या मोदेस्ता, गोगोची नणंद, मोठी करडी बाई. तिनं दोन्हीकडची माणसं बोलावली. किझितोचे थोरले काका आले. ओनियास बहिणीला घेऊन आला. बसायची खोली भरली, स्वयंपाकघराकडची दोन्ही दारं उघडी ठेवावी लागली. मी मशीन थांबवून टाके उसवत बसले होते.

"बोल," आत्या म्हणाली. "कधी कधी मारलं तुला?"

नेत्साय जमेल तसं बोलली. "ईस्टरला. डोळा."

आत्यानं स्वतःचा फोन काढला. "हा ईस्टर. हे तुम्ही सगळे. दोन्ही डोळे टकटकीत दिसतायत की गं."

"रुवाच्या वाढदिवसाला. दात."

"हा वाढदिवस. मोजू का दात?"

"आत्या, दात गेलाय माझा. हा बघा."

"गेलाय ते दिसतंय. कधी गेला, कुणी पाडला, ते कुठं दिसतंय? फोटोत तर आहे. म्हणजे नंतर गेला. माहेरी गेला असेल."

थोरले काका म्हणाले, "आणि दवाखान्यात तूच सांगितलंस ना, घसरले म्हणून?"

ओनियास मधे पडला, "काका, माझी बहीण खोटं बोलत नाही."

"तुझा फोन काढ," आत्या म्हणाली. "त्यातही हेच फोटो आहेत. खाली तू काय लिहिलंयस ते वाच सगळ्यांना. वाच ना. राणी म्हणालास का नाही?"

ओनियासनं फोन काढला. तो फोनकडं बघत होता, मग बहिणीकडं. मला दारातून त्याचं तोंड दिसत होतं. सख्खा भाऊ, पण क्षणभर त्यालाही कळेना कुणावर विश्वास ठेवावा.

मग नेत्साय सासूकडं वळली. गुडघ्यावर होतीच, तशीच सरकत तिच्यासमोर गेली.

"आई, तुम्ही सांगा. तो डोळा तुम्ही बसवलात. मला दाखवलात. मी पापण्यांचं म्हणाले, आठवतं ना?"

सगळी खोली गोगोकडं बघायला लागली. किझितो जमिनीकडं बघत होता. गोगोनं पदर सावरावा तसा डोक्याचा रुमाल सावरला.

"मी म्हातारी बाई," ती म्हणाली. "मी उजेड कमीजास्त करते. बाकी मला काय येतंय?"

निकाल लागायला मग वेळ लागला नाही. सुनेनं घराण्याला बट्टा लावला, तिनं माफी मागावी आणि नांदावं, नाहीतर एकटीनं जावं. नेत्सायनं माफी मागितली नाही. रुवा त्या वेळी शेजारणीकडं खेळत होती. तिला भेटूही दिलं नाही. "रडारड नको," आत्या म्हणाली. ओनियासनं बहिणीच्या कोपराला धरलं आणि दोघं फाटकाबाहेर गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण फेलिस्तस तिकडून विचारायला लागली, वहिनी फोटोत का नाही? जोहान्सबर्गहूनही विचारलं. गोगोला उत्तर द्यायचं नव्हतं. तिनं जुन्या फोटोंतली नेत्साय कापून नव्या फोटोंत आणून बसवली. जेवताना रुवाच्या शेजारी, अंगणात रुवाच्या मागं, नाताळाला नव्या पोशाखात. हसणारी, सरळ जबड्याची, सगळे दात असलेली. लाल बदाम पडत राहिले.

आणि एक दिवस रुवानं फोन बघितला. मी तिच्या फ्रॉकची शिवण धरत होते. ती पळत आली.

"टेक्लामावशी, आई आली होती! काल जेवताना आली होती! मला कुणी सांगितलं का नाही?"

तिनं पलंगाखाली बघितलं. न्हाणीघरात बघितलं. माझ्या खोलीत येऊन कापडाचे गठ्ठे उचलून बघितले. मग गोगोपुढं जाऊन उभी राहिली.

"गोगो, आई कुठं गेली?"

"आली होती. तू झोपलीवतीस."

"पण फोटोत मी जागी आहे."

गोगोनं फोन मांडीवर उलटा घातला. पण फोटो करणं तिनं सोडलं नाही, आणि रुवाही हळूहळू शोधायची थांबली. सकाळी उठली की फोन मागायची, 'आज आई आली का' बघायची, आणि असली की खूश होऊन खेळायला जायची.

असं दीड वर्ष गेलं. किझितो मोझांबिकच्या हद्दीपलीकडं कामाला गेला आणि तिकडंच दुसरी बाई करून राहिला. मग नेत्साय आली. एकटीच. फाटकाशी उभी राहून तिनं हाक मारली. रुवा अंगणात होती. तिनं त्या वाकड्या तोंडाच्या बाईकडं बघितलं आणि धावत जाऊन गोगोच्या मागं लपली.

"रुवा," नेत्साय खाली बसली. "अगं, मी आई."

"नाही," रुवा म्हणाली. "माझी आई अशी नाहीये."

तेव्हा गोगोचा चेहरा मी बघितला. तिनं मागं हात घालून रुवाला पुढं केलं. ती म्हणाली, "आईच आहे गं ती. जा. जा तिच्याकडं."

"नाही! माझ्या आईला दात आहेत. तुझ्या फोनमध्ये आहे माझी आई."

गोगोनं फोन काढला. घाईघाईनं मागं मागं जायला लागली. तिला एक तरी फोटो हवा होता, सुजलेला, फुटलेला, खरा. नव्हता. नीट केला की जुना ती लगेच पुसून टाकायची, जागा अडते म्हणून. ती शोधत राहिली, तोंडानं "आहे, आहे, थांब" म्हणत राहिली. नेत्साय तिच्याकडं बघत होती. मला वाटलं शिव्या देईल, हातातला फोन हिसकून दगडावर आपटेल. तिनं विचारलं, "पाणी मिळेल का प्यायला?"

त्यानंतर ती दर महिन्याला यायची. केळी आणायची, कधी भुईमुगाच्या शेंगा. आधी रुवा लांबून घ्यायची, मग जवळ बसून खायला लागली. कुणीतरी तिला सांगितलं, ही तुझी मावशी. कुणी ते मला माहीत नाही, गोगो नव्हे. रुवा 'मावशी' म्हणायला लागली आणि नेत्साय 'ओ' द्यायला लागली. पहिल्यांदा 'ओ' दिली तेव्हा तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

गोगोनं अखेर मोदेस्ता आत्याला न विचारता पोरीला शाळेच्या सुट्टीत चिपिंगेला पाठवायचं कबूल केलं. तिनं कपडे भरले, वाटेत खायला मक्याची कणसं उकडून बांधून दिली, आणि दारातच राहिली. फाटकापर्यंत आली नाही. मी त्यांना बसवायला साकुब्वाच्या स्टँडवर गेले. कंडक्टर ओरडत होता, कोंबड्या, पोती, माणसं आत चढत होती. रुवानं नेत्सायचं बोट धरलं होतं.

"मावशी," तिनं वर बघून विचारलं, "माझी आई तिकडं असते का?"

नेत्सायनं तिला उचलून कडेवर घेतलं. पोर जड झाली होती आता, तिला नीट पेलवत नव्हती.

"तिकडंच असते," ती म्हणाली. "चल, बस भरायला लागली."