खडूने आखलेलं दार

माझी मुलगी रस्ता ओलांडताना वर बघते. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, वर. समोर एखादी उंच इमारत आली की तिचे डोळे गेलेच तिकडे. लहान होती तेव्हा मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवायचे. आता ती दुसऱ्या शहरात एकटी राहते आणि संध्याकाळी ती खोलीवर पोचल्याचा मेसेज येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. "आई, तिशी आली माझी," म्हणते. तिशी आलेल्यांना बघून गाड्या थांबतात की काय?

आज मेसेज वेळेवर आला, तरी झोप लागत नाही. आजची काळजी निराळी आहे, आणि ती सांगायची तर आधी तिचं काम सांगावं लागेल.

ती शहराच्या बांधकाम परवानगीच्या कार्यालयात आहे. कुणाला उंच इमारत बांधायची असली, म्हणजे खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि वर घरं अशी, तर तिचे नकाशे हिच्या टेबलावर येतात. इमारत उभी राहील ना, हे बघणारे इंजिनियर वेगळे. आग लागली तर काय, ते बघणारे वेगळे. ही बघते ती इमारत माणसांशी कशी वागेल ते. सावली कुणाच्या अंगणात पडेल, कोपऱ्यावर वारा किती भणाणेल, शेजारून चालणाऱ्याला नुसती काचेची भिंत लागेल की दोन घटका टेकायला जागा मिळेल. मग ही आपलं मत लिहून समितीपुढे ठेवते आणि समिती निर्णय घेते.

माझ्या धाकट्या बहिणीला हे अजून पटलेलं नाही. "म्हणजे इमारत दिसायला चांगली आहे का ते सांगायचं? एवढ्याचा पगार देतात?"

"मावशी, दिसायचं मी सगळ्यात शेवटी बघते."

हा किडा तिच्या डोक्यात पहिल्यापासूनच. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की ही घरभर फिरून यायची आणि यजमानांना सांगायची, "तुमचं बाथरूमचं दार कपाटाला आपटतं." आणि ते खरंच आपटायचं. मी कानकोंडी होऊन जायचे, तिचे बाबा मात्र खूश. त्यांनीच तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. आर्किटेक्ट झाल्यावर एका मोठ्या फर्ममध्ये लागली, तर तिथे तिला नुसते स्वच्छतागृहांचे नकाशे काढायला बसवलं. दुसरी कुणी वैतागली असती. ही मला फोनवर गंभीरपणे सांगायची, "आई, आत हूक नसला ना, की बायका पर्स दातात धरतात. कुणी विचारच करत नाही याचा." मग ही नोकरी लागली. अजून कायम व्हायची आहे.

कामाची तिची एक पद्धत आहे. नकाशा कागदावर कितीही चांगला वाटो, त्यातला दाराजवळचा भाग ती खऱ्या मापात जमिनीवर खडूने आखते आणि त्यातून चालून बघते. कार्यालयामागे गाड्या लावायची जागा आहे, ती सुट्टीच्या दिवशी रिकामी असते. ही तिथे ओणवी होऊन रेघा मारत होती, तेव्हा वॉचमनने येऊन विचारलं होतं, "मॅडम, खेळायला आणखी कोण कोण येणार आहे?"

आत्ता जिच्यापायी मला झोप नाही, त्या इमारतीच्या वेळी मात्र पाइप बदलण्यासाठी ती जागा उकरून ठेवलेली होती. हिने समितीच्या पहिल्या बैठकीसाठीचं मत कागदावरूनच लिहिलं. इमारत होतीही देखणी. शेजारच्या शाळेच्या मैदानावर तिची सावली बराच वेळ पडून राहणार होती, तेव्हा हिने हट्टाने इमारतीचा वरचा मनोरा बारीक करायला लावला, म्हणजे सावली लवकर सरकून जाईल. समितीत त्याचं कौतुक झालं. त्याच मतात हिने आणखी एक वाक्य लिहिलं होतं: वरच्या घरांचा प्रवेश मागच्या शांत गल्लीतून दिला आहे, हे चांगलं.

शेवटची बैठक जवळ आली तेव्हा ते न आखलेलं दार तिला खुपायला लागलं. सुट्टीला घरी आली ती खडूंचा डबा घेऊनच. आमच्या इमारतीमागे फरशीचं मोठं पटांगण आहे. ऊन चढेपर्यंत तिथे दार, लिफ्टची जागा, गल्ली आणि दुकानांचा माल उतरवायची जागा असं सगळं आखून झालं. मग आम्हाला खाली बोलावलं.

"बाबा, तुम्ही ट्रक."

"कसला ट्रक?"

"भाजीचा. गल्लीतून मागे मागे यायचं, या चौकोनात."

"आणि मी कोण?" बहिणीने विचारलं.

"तू वर राहतेस. हातात पिशव्या आहेत आणि ही बाबागाडी."

"या वयात बाळ? लोक काय म्हणतील!"

"नातवंड समज गं. चल, घरात शीर."

मला समोरून येणारी बाई केलं. हे तोंडाने टीं टीं करत उलटे चालू लागले. बहीण शेजारणीकडून मागून आणलेली रिकामी बाबागाडी ढकलत निघाली, आणि दारापाशी दोघं एकमेकांवर आदळले.

"भावजी, मागे बघायचं काही आहे की नाही?"

"ट्रकला पाठीला डोळे नसतात. तू कडेकडेने जा ना."

"कडेकडेने कुठून? कड ठेवलीये का यांनी?"

मुलीने पुन्हा करायला लावलं. ट्रक आधी, मग बाबागाडी. मग उलट. मग ट्रक दुसऱ्या बाजूने. काही केल्या दारासमोरून गेल्याशिवाय ट्रक आत जाईना, आणि तो वळत असताना चालणाऱ्याला पाऊल ठेवायला जागा उरेना. मला तर दर वेळी जागच्या जागी थांबावं लागत होतं. ह्यांना दम लागला, बहिणीची हसून मुरकुंडी वळली. बघते तर मोजपट्टी खडू हातात धरून फरशीवर बसलेली.

"गल्ली शांत नाहीये," ती म्हणाली. "नकाशात कुणी ट्रक काढलाच नव्हता, म्हणून मला शांत दिसली."

"मग दार हलवा," हे म्हणाले.

"हलतं ना बाबा. पुढच्या कोपऱ्यावर कॉफीचं दुकान आहे, त्याची आणि दाराची अदलाबदल केली की सुटलं. पण चांगलं म्हणून मीच लिहून बसलेय."

त्याच दुपारी तिने तिच्या साहेबांना फोन केला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, ही भांडली तरी असती. ते मायेनेच बोलले. म्हणाले, "आधी चांगलं म्हणायचं आणि शेवटच्या बैठकीत वाईट, मग आपल्या मताला कोण विचारेल? तुम्हाला कायम करायचा प्रस्तावही आत्ताच वर गेलाय. एका दारासाठी कशाला?"

फोन ठेवल्यावर घरात दोन पक्ष पडले. हे म्हणाले, "बोलून मोकळी हो." बहीण म्हणाली, "आधी कायम हो, मग हवं तेवढं बोल. तुझ्या बाबांचं काय जातंय सांगायला?" मी भांडी आवरत राहिले.

आज रात्री जेवणं झाल्यावर तिचा फोन आला होता. बैठक उद्या आहे. आवाज अगदी शहाण्या मुलीसारखा. म्हणाली, "नाही बोलत आई. साहेबांचंही बरोबरच आहे. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तू ठरव. लवकर झोप."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ती कायम झाली की माझी निम्मी काळजी मिटेल, खोलीचं भाडं, आजारपण, सगळ्याची. तेवढ्याच समाधानात दिवा मालवून पडले, आणि डोळ्यांपुढे ती फरशीवर बसलेली मुलगी आली. मग उठून हे लिहायला बसले.

ती इमारत कधी बांधून होईल कोण जाणे, आणि तिथे कोण राहायला येईल तेही मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ती माझी मुलगी. उद्या ती गप्प बसली, तर पुढची इमारत आली की ती जमिनीवर आखणार नाही. आखलं आणि चूक दिसली, तर काय करायचं? त्यापेक्षा कागदावरून लिहिलेलं सोपं. हळूहळू ती चांगली, वेळेत काम उरकणारी अधिकारी होईल. साहेबही तसेच झाले असतील, आणि तेही कुणाच्या तरी मायेच्या सल्ल्याने. माझ्या काळजीपायी तिने तसं व्हावं, हे मला नको आहे.

बैठकीत तिने एवढंच म्हणावं, की मी कागदावरून लिहिलं, मग चालून बघितलं, माझं चुकलं. आणि हा घ्या उपाय. शरम वाटेल, पण ती दोन दिवसांत ओसरते. साहेबांना मात्र तिने बैठकीआधी गाठून सांगावं, चारचौघांत त्यांना तोंडघशी पाडू नये. आणि नाहीच केलं कायम, तर आम्ही आहोत. मागची खोली रिकामी करायला कितीसा वेळ लागतो?

हे सकाळी सांगता येईल, पण सकाळी ती घाईत असते आणि मी पुन्हा भित्री होईन. हे घोरताहेत. तिला झोप लागली नसणार, मला माहीत आहे. लागली असली तर उठवते. पेन खाली ठेवते आणि फोन लावते.