मनोरा सरांचा मध्यंतरातला सत्कार

आमच्या क्लबाचे फ्रेंच बास्केटबॉल कोच इतके उंच होते की नारायण पेठेत ते कोणाकडे चहाला गेले, तर यजमान आधी गॅस पेटवण्याऐवजी पंखा बंद करायचे. लक्ष्मी रस्त्यावरून ते एकदा चालत गेले की दुकानांच्या पाट्यांवरची धूळ आपोआप झाडली जायची, आणि पहिल्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत उभ्या राहून त्यांच्याशी समोरासमोर गप्पा मारायच्या. यातलं निम्मं खोटं आहे असं आमच्या संघातला रिझवान म्हणतो. पण कोणतं निम्मं, ते त्यालाही सांगता येत नाही.

पेठेने त्यांचं खरं नाव एकदा ऐकलं, जिभेला झेपत नाही म्हणून परत केलं आणि ‘मनोरा’ हे नाव दिलं. तोंडावर अर्थातच ‘सर’. आमच्याकडे माणसाची टिंगल करायला पूर्ण मुभा आहे, फक्त अहोजाहो सोडायचं नाही.

सर पुण्यात आले ते बायकोच्या नोकरीमुळे. ती हडपसरच्या एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि हे घरात रिकामे. ज्या इमारतीत राहायचे ती आप्पांची. आप्पा म्हणजे उसाच्या शेतात सोसायट्या पिकवणारे जुने हडपसरकर. संध्याकाळी दोघं बाकावर बसायचे आणि सरांचं मराठी तिथेच पिकलं. आमच्या क्लबात पहिल्या दिवशी सर म्हणाले, “म्या हितं हाय. तुमी पळा.” क्लबाचे अध्यक्ष बापूकाका खुर्चीत सावरून बसले. “अहो,” ते माझ्या कानात म्हणाले, “हे गृहस्थ फ्रान्सचे आहेत की फुरसुंगीचे?”

फ्रान्सचेच होते. छोट्या गावातल्या बसड्रायव्हरचा मुलगा. उंची बघून कोणीतरी हातात चेंडू दिला आणि पुढे तो व्यावसायिक खेळाडू झाला. ही गोष्ट बापूकाकांना शेवटपर्यंत पटली नाही. “खेळायचे, ते समजलं. पण नोकरी कुठे करायचे?” सर दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये बरीच वर्षं खेळले, पहिल्या दर्जात एक हंगाम, तोही बहुतेक बाकावर बसून. मग गुडघा गेला, मग ते कोच झाले, आणि दोन क्लबांनी हरल्यावर त्यांना काढून टाकलं. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे माणूस ‘आंतरराष्ट्रीय अनुभव’ असं छापून क्लास उघडतो. सर मात्र सगळ्यांना सांगत सुटायचे, “मला दोनदा हाकललंय. तिसऱ्यांदा हाकललं तर बायको म्हंती, आता बास. कोचिंग बंद. दुसरं काम बघ.” हे हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर बराच वेळ चेंडू नुसता हातात फिरवत राहायचे.

“मी जलमभर लोकांच्या वाटंत उभा राह्यलो,” हे त्यांचं लाडकं वाक्य. बास्केटबॉलमध्ये याला स्क्रीन म्हणतात. आपला गडी चेंडू घेऊन पळत असताना त्याच्या मागे लागलेल्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं, आणि धडक बसली तरी हलायचं नाही. बास्केट दुसरा करतो, टाळ्या दुसरा घेतो, बरगड्या आपल्या दुखतात. लोकांच्या वाटेत उभं राहण्याचं आम्हा पुणेकरांना उपजत ज्ञान. पण तोंड बंद ठेवून उभं राहणं काही केल्या जमेना.

ते शिकवायला सरांनी आम्हाला स्वारगेटला नेलं. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी, एसटीतून माणसं नुसती ओतली जात होती. “हितं उभं ऱ्हावा. हलू नगा. बोलू नगा.” मी उभा राहिलो. एक काकू दोन पिशव्यांसह माझ्यावर आदळल्या. “अहो, माणूस आहात की खांब?” अस्सल पुणेकराला याचं उत्तर न देणं म्हणजे श्वास कोंडणं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लांबून, सगळ्या गर्दीच्या वर, सरांचं ओठांवर ठेवलेलं बोट दिसलं. मी खांबच राहिलो. त्या दिवसापासून मला स्क्रीन जमू लागली, आणि काकू बहुधा अजून चौकशीच्या खिडकीवर माझी तक्रार करत असतील.

आमचा संघ तेव्हा शहराच्या स्पर्धेत खालच्या गटात घसरला होता. बापूकाकांनी सरांना स्पष्ट सांगितलं, “या हंगामात वरच्या गटात न्या. नाहीतर आम्हाला दुसरी व्यवस्था पाहावी लागेल.” दुसरी व्यवस्था रोज मैदानाच्या कडेलाच बसलेली असायची. ती बापूकाकांचा पुतण्या होती. त्याने मोबाइलवर कोचिंगचा कोर्स केला होता आणि गळ्यात नवी कोरी शिट्टी घातली होती.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकलो तर वर, हरलो तर सर घरी. समोरचा संघ तापला की थांबायचा नाही. डोळे मिटून चेंडू भिरकावला तरी आत. सरांनी त्यांचे आधीचे सामने पाहिले होते. हे वादळ अडवायचं कसं, याचा त्यांनी खूप विचार केला आणि एक दिवस एकटेच बापूकाकांकडे जाऊन म्हणाले, “माझा सत्कार करा. मध्यंतराला. आप्पास्नी पावनं म्हणून बोलवा.”

ज्या माणसाने वर्षभर प्रत्येक पाहुण्याच्या हारतुऱ्यांवर “आन् खेळ कवा?” म्हणून दात-ओठ खाल्ले, तो स्वतःहून शाल मागत होता. बापूकाका इतके हरखले की त्यांनी स्वखुशीने बटाटेवडे मागवले. बापूकाकांना ओळखणारे या वाक्यापाशी क्षणभर थांबतील.

मध्यंतराला आम्ही सणसणीत मागे होतो. टेबल आलं, सतरंजी आली, माइक खरखरला. सरांनी आम्हाला पलीकडच्या बास्केटकडे पिटाळलं. “हिकडं बघू नगा. पळत ऱ्हावा. वड्याला हात लावलात तर हात मोडीन.” आम्ही पळत राहिलो. समोरच्या संघाला मात्र पाहुणे म्हणून खुर्च्या मिळाल्या, गुलाबाची फुलं मिळाली, आणि प्लेटी मिळाल्या. चटणीसुद्धा दोन प्रकारची. पंचांचाही सत्कार झाला: एका हातात नारळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ. आता शिट्टी कशाने वाजवणार?

बापूकाकांनी स्टुलावर चढून सरांना हार घातला. शाल सरांच्या पाठीवर उपरण्याएवढी दिसत होती. मग आप्पा उठले. “मी दोनच सबूद बोलतो,” म्हणाले आणि त्यांनी ऊस लावायला घेतला. लावणी, खुरपणी, तोडणी करून ते गुऱ्हाळापर्यंत आले, तेव्हा समोरचा कोच ताडकन उभा राहिला. “अहो, वेळ संपली!”

“सत्कारमूर्तींचं मनोगत व्हायचंय,” बापूकाका म्हणाले. “बसा.”

सर माइकपाशी आले. छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि उभे राहिले. नुसते उभे. एक शब्द नाही. सगळ्यांना वाटलं, सर गहिवरले. गहिवरलेल्या माणसाला मध्येच कोण टोकणार? कोणीतरी रुमाल काढला. समोरच्या संघातल्या एकाने संकोचून तिसरा वडा घेतला. आणि मला पळता पळता एकदम उमगलं, की हा माणूस गहिवरलेला वगैरे काही नाही. हा स्क्रीन लावून उभा आहे. आयुष्यातली सगळ्यात मोठी.

उत्तरार्धात समोरचा संघ असा पळत होता, जणू प्रत्येकाच्या पोटात वड्यांची बैठक चालू आहे. शेवटच्या क्षणी मी त्यांच्या सर्वांत दांडग्या गड्याच्या वाटेत उभा राहिलो, माझ्या बरगड्यांनी आवाज केला, आणि रिझवानने मागून निसटून चेंडू आत टाकला. जिंकलो! आम्ही सरांना उचलायला गेलो. ते जमलं नाही, मग त्यांच्या गुडघ्यांना मिठ्या मारल्या.

इतक्यात बापूकाकांनी माइक घेतला आणि पुतण्याला पुढे बोलावलं. “आजपासून संघाची जबाबदारी यांच्याकडे. सरांनी स्वतःहून निवृत्ती घेतली, हा त्यांचा मोठेपणा.”

त्याचं असं आहे. आमच्या क्लबात पाहुण्याचा सत्कार कधीही होतो. पण घरच्या माणसाचा एकदाच होतो, तो जाताना. माळी गेले तेव्हा झाला, खजिनदार गेले तेव्हा झाला. सत्कार मागणं म्हणजे राजीनामा देणं, हे इथल्या भिंतीसुद्धा जाणतात. सरांनी पाहिले होते फक्त पाहुण्यांचे सत्कार, आणि आम्हाला या सत्काराचा पत्ता लागला तो टेबल आल्यावर.

रिझवान पुढे झाला. पेठेत त्याच्या आजोबांपासूनचं कुलपांचं दुकान, बापूकाकांच्या घराचं कुलूपही तिथलंच. “काका, शाल परत घ्या आणि माणूस परत द्या.”

“दिलेली वस्तू क्लब परत घेत नाही,” बापूकाका म्हणाले.

सर खाली बसले. तरीही आमच्या खांद्याइतके उंच दिसत होते. “हरल्यावर हाकललं, त्ये समाजलं,” ते म्हणाले. “जिकल्यावर हाकलनारं गाव पयलंच.” मग आप्पा शेजारी टेकले. “सर, तोंड पाडताय कशापायी? माज्या गोडाऊनमागं जागा पडीक हाय. उद्या खांब ठोकतो.” आणि सरांच्या बायकोने, जी कडेला उभी राहून हे सगळं दुभाष्याविना समजून चुकली होती, फ्रेंचमध्ये निकाल दिला. सरांनी तो आम्हाला सांगितला: “ती म्हंती, जिकून हाकललेलं मोजायचं नाय.”

पुढच्या आठवड्यात आख्खा संघ हडपसरला. पेठेत उरला पुतण्या आणि त्याची शिट्टी. तिचा फुफ्फुसांना चांगला व्यायाम होतो म्हणे. आम्ही रोज ट्रॅफिकमधून जायचो. पोचेपर्यंत निम्मा संघ म्हातारा व्हायचा. पण गेलो, आणि जिंकलेली जागा खेळाडूंबरोबर जाते या स्पर्धेच्या नियमाने वरच्या गटात आप्पांच्या नावाने खेळलो.

गेल्या हिवाळ्यात सरांच्या बायकोची बदली झाली. विमानतळावर येऊ नका असं सरांनी बजावलं होतं, म्हणून आम्ही सगळे गेलो. कोणी हार आणला नव्हता, एवढी अक्कल आली होती. सर ट्रॉली ढकलत आले, आम्हाला पाहिलं आणि भडकले. “रविवारी मॅच हाय ना? मग हितं काय करताय? जावा, प्रॅक्टिसला जावा!”

रिझवान काहीतरी बोलणार होता. सरांनी दरवाज्याकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड केलं आणि हात बांधून वाटेतच उभे राहिले. त्यांच्या मागे लोक खोळंबले, कुरकुरले. सर हलले नाहीत. आम्हीच वळलो आणि निघालो. पोचवायला आलेली माणसं आधी गेली आणि जाणारा मागे उभा राहिला. वळून कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सर ओरडले असते. निदान आम्ही एकमेकांना तसंच सांगितलं, आणि गाडी थेट हडपसरला, प्रॅक्टिसला नेली.