माळ्यावरची पिल्लं

आमच्या कारखान्याच्या माळ्यावर उदमांजर राहतं, हे आधी वासावरून कळलं. कारीगर अब्बांना म्हणायचे, "सेठ, ऊपर कोई बिर्यानी पकाता है क्या?" अब्बा हसून सोडून द्यायचे. मी मात्र नुकतंच शिकले होते की उदमांजराच्या अंगाला शिजत्या बासमतीसारखा वास येतो. शिकलेलं ताजं होतं आणि ते कुठेतरी वापरायची मला घाई झाली होती.

पशुवैद्यकीचं शिक्षण संपवून मी तेव्हा एका वन्यप्राणी उद्यानाच्या दवाखान्यात इंटर्नशिप करत होते. भिवंडीत आमच्याकडे आजोबांच्या आधीपासून कापड विणायचे लूम. पोरगी डॉक्टर होणार म्हटल्यावर सगळं खानदान खूश झालं होतं आणि कोणाची डॉक्टर, हे कळल्यावर जरा गप्पही. अब्बा तेवढे माझ्या बाजूने बोलायचे. "जनावराला तोंड नसतं," म्हणायचे, "त्याचा डॉक्टर जास्त हुशार लागतो."

मग माळ्यावरून कापडावर घाण पडायला लागली. डाग पडलेला माल परत येतो, त्यामुळे अब्बा वैतागले. "दोन फटाके लावतो वर. पळेल आपोआप."

"अब्बा, असं करायचं नसतं," मी म्हटलं. "त्याला कायदा आहे, पद्धत आहे."

'पद्धत' म्हणताना मला फार बरं वाटलं होतं. मीच फोन करून वन्यजीव बचाव पथकाला बोलावलं. त्यांनी माळ्यावर पिकलेलं केळं घालून पिंजरा लावला आणि दुसऱ्याच सकाळी ती आत सापडली. मादी होती. जाळीवर तोंड घासून नाक सोललं होतं. पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं आणि टेम्पोत तिच्याशेजारी बसून मी उद्यानात गेले. कारीगर दारात उभे राहून बघत होते. अब्बांनी हात हलवला, जणू मी परदेशी निघाले होते.

उद्यानातल्या डॉक्टर मॅडम त्या दिवशी एका चितळाचा मोडलेला पाय बसवण्यात गुंतल्या होत्या. आतूनच त्यांनी सांगितलं, "तू बघ तिला. इंजेक्शन दे, शांत झाली की नीट तपास. सगळं तपास."

एकटीने प्राणी हाताळायची माझी ती पहिलीच वेळ. मी नाकाची जखम अगदी हळुवारपणे धुतली, मलम लावलं, दात बघितले, डोळे बघितले, वजन केलं. तिला गुंगी होती, पंजे सैल पडले होते. पण तिला उलटं करून तिचं पोट मी बघितलंच नाही. त्या नाकातच माझं सगळं मन अडकलं होतं. मॅडम बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मादी आहे, तब्येत चांगली आहे, नाकावर जखम आहे." त्या थकल्या होत्या. "छान," म्हणाल्या.

घरी अम्मीने खीर केली होती. अब्बांचं शेजारपाजारच्यांना सांगून झालं होतं. मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. ती झोप अजून माझ्या अंगावर येते.

सकाळी पोचले तर मॅडम त्या पिंजऱ्यापाशी बसल्या होत्या. मादीने जाळीला धडका देऊन नाक पुन्हा फोडून घेतलं होतं. खाणं तसंच पडलं होतं. मॅडमनी तिला पुन्हा गुंगी दिली, उलटी केली आणि पोटावरचे केस बोटांनी बाजूला सारले. सड सुजून कडक झाले होते.

"हिला दूध आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "पोटाला हात लावला होतास?"

"नाही, मॅडम."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "पिल्लं तिथेच असतील. चल."

वाटेत मी अब्बांना फोन लावला. लूमच्या खडखडाटात त्यांना काही ऐकू जाईना. "पिल्लं? कोणाची पिल्लं?" ते ओरडत होते आणि मला तेच शब्द पुन्हा पुन्हा, मोठ्याने सांगावे लागत होते.

माळा म्हणजे पत्र्याखाली फळ्या टाकून केलेली जागा. जुनी खोकी, गोण्या, तुटके भाग, सुताच्या कचऱ्याचे ढीग, सगळं तिथे ठासलेलं. मॅडमनी खालून बघितलं आणि मान हलवली. "हे उपसत बसलो तर एखादं पायाखाली येईल. आवाजावरूनच शोधावं लागेल. मशीन बंद करता येतील?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. कारीगरांची मजुरी कापडावर ठरते, लूम थांबला की त्यांचा हात थांबला. अब्बांनी हात वर केला आणि लूम एकेक करून थांबत गेले.

तरी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचे लूम धडधडत होतेच. त्या शेजाऱ्याशी अब्बांचं गटारावरून भांडण झालेलं, कित्येक दिवस सलामही नव्हता. अब्बा बाहेर पडले. मी दारातून बघितलं. शेजारी खुर्चीत बसला होता आणि अब्बा त्याच्यासमोर उभे राहून काहीतरी सांगत होते. माझ्या बापाला मी असं कोणासमोर उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. थोड्या वेळाने पलीकडचा आवाजही थांबला.

भर दिवसा एवढी शांतता कारखान्याने कधी ऐकली नसेल. कारीगर जागच्या जागी उभे, कोणी खोकलं तरी बाकीचे वळून बघत. मग वरून बारीक चिवचिवाट आला. मागच्या कोपऱ्यातल्या एका कारीगराने बोट वर केलं.

शिडीवरून मी चढले. पत्रा इतका तापला होता की डोकं वर करवत नव्हतं. सुताच्या ढिगात दोन पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती, डोळे नीट उघडलेले नव्हते. हातात घेतली तेव्हा त्यांची तोंडं माझ्या बोटांवर काहीतरी शोधत राहिली. तिसरं ढिगाबाहेर होतं. आईला शोधत सरकत आलं असणार. ते फळीच्या कडेला ताठरून पडलं होतं.

"किती?" खालून मॅडमनी विचारलं.

"तीन," मी म्हटलं आणि मग, "दोन."

पिल्लांना थोडं दूध पाजून मॅडमनी त्यांना परत त्याच ढिगात ठेवायला सांगितलं. आईला संध्याकाळी इथेच सोडायचं ठरलं. मी मेलेलं पिल्लू फडक्यात घ्यायला लागले तर त्या म्हणाल्या, "राहू दे. तिला बघू दे, नाहीतर ती शोधत बसेल." मग अब्बांकडे वळून म्हणाल्या, "आणि मशीन चालू करा. या आवाजाची तिला सवय आहे. शांत ठेवलंत तर तिला परकं वाटेल."

लूम सुरू झाले तेव्हा मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली.

अंधार पडायच्या सुमाराला माळ्यावर तिच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. ती आमच्याकडे न बघता सरळ ढिगाकडे गेली. दोघांना चाटलं. मग कडेच्या पिल्लाजवळ जाऊन त्याला हुंगलं, नाकाने ढकललं, पुन्हा ढकललं. मॅडमनी माझा दंड धरून मला शिडीवरून खाली घेतलं.

अब्बांनी पुढे बरेच दिवस माळ्याखालच्या लूमवर प्लास्टिक बांधून ठेवलं आणि कोणाला वर चढू दिलं नाही. पिल्लं मोठी झाली आणि एका पहाटे आईसकट तिघंही निघून गेली. मग अब्बांनी पत्र्याचं भोक बुजवलं. शेजाऱ्याशी त्यांचा सलाम तेव्हापासून पुन्हा सुरू झाला.

आता मी दवाखान्यात नोकरी करते. घरी पाहुणे आले की अब्बा हमखास ही गोष्ट काढतात. सगळे लूम कसे बंद केले, कारीगर श्वास रोखून कसे उभे होते, पोरीने तापल्या पत्र्याखाली जाऊन पिल्लं कशी वाचवली. सांगताना त्यांचा आवाज फुलतो. परवा एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "किती होती पिल्लं?"

"दोन," अब्बा म्हणाले. "दोन्ही वाचवली हिने."

ते विसरलेले नाहीत, हे मला माहीत आहे. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मान खाली घालून तसाच फिरवू दिला.