पार्लरला जाण्यापूर्वीची साफसफाई

लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत आमंत्रण नसताना पाट मांडून बसते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. साठी उलटेपर्यंत रजेचे अर्ज आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. परंतु ही गोष्ट माझ्या डोक्यावरच घडली असल्याने ती सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला देताही येत नाही. पाच वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका रविवारी, पेण येथे माझे पुढचे केस हिरवे झाले.

(मागचे झाले नाहीत. हे महत्त्वाचे आहे. ओघात येईलच.)

मेघा ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे रोह्याला येत असे आणि तिच्या दोन वेण्या घालण्याचे काम माझ्याकडे असे. पायरीवर ती खाली, मी वर. मध्ये खोबरेलाची बाटली आणि लाल रिबिनी. मी वेण्या इतक्या घट्ट घालत असे, की पोरीच्या भुवया दिवसभर नवल वाटल्यासारख्या वर चढलेल्या राहत.

"मावशी, दुखतंय!"

"दुखल्याशिवाय वेणी बसत नाही. मान सरळ."

अजूनही कोणी केसांना तेल चोळताना दिसले, की त्या सकाळी जशाच्या तशा समोर येतात. ती पायरी, तो वास आणि हातातून सतत निसटू पाहणारी ती इवलीशी मान. याच पोरीने पुढे केस कापण्या-रंगवण्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि लग्नानंतर पेणला सासरी पार्लर काढले, तेव्हा हा माझ्या वेण्यांवरचा सूड असावा, अशी शंका मला आली होती.

तिचे सासर गणपतीच्या कारखान्याचे. घरातली रस्त्याकडची खोली म्हणजे मूर्तींचे डोळे आखण्याची जागा, कारण तिथे उजेड उत्तम. मेघाच्या सासूबाई शांताबाई स्वतः रंगकामात निष्णात. गणपती पडवीत हलवून त्यांनी ती खोली सुनेला दिली खरी, पण मुदतीच्या बोलीवर.

"श्रावण लागंपर्यंत बायका यायला लागल्या तर खोली तुझी. नाय आल्या तर आरसे भायेर आनि माझे गणपती आत!"

श्रावणाला बारा दिवस उरले होते आणि बायका काही येत नव्हत्या. शेवटचा उपाय म्हणून मेघाने रविवारी प्रात्यक्षिक ठेवले. जमलेल्या बायकांसमोर एका डोक्याचा कायापालट करून दाखवायचा. डोके माझे.

"मावशी, मला तुझे पांढरे केस हवेत," ती फोनवर म्हणाली. (आयुष्यात माझ्याकडे हे कोणी मागितले नव्हते.) "पांढऱ्यावर रंग कसा चढतो ते दाखवायचंय. कानामागे थेंब लावून मी बघितलंच आहे, तुला सोसतो. आता फक्त ये. तेल नको, मेंदी नको, काही म्हणजे काही लावू नकोस. जशी आहेस तशी ये!"

तिच्या सूचना मला एरवीही रोज सकाळी मोबाईलवर येत. पावसाळ्यात ओले केस बांधू नयेत. गोल चेहऱ्याला गालापर्यंतच्या बटा शोभतात. टोके दर दोन महिन्यांनी कापावीत. यंदा तपकिरीत मधाची छटा चालू आहे. मी त्या सर्व सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेत असे. पाळली त्यातली एकही नाही.

कारण 'जशी आहेस तशी ये' ही आज्ञा आमच्या पिढीतल्या बाईला पाळता येण्यासारखी नाही. आम्ही भांडीवाली येण्याआधी भांडी विसळून ठेवतो. उसवलेला ब्लाउज शिंप्याकडे नेण्याआधी त्याला इस्त्री करतो. मग परक्या बायकांसमोर, भाचीच्या सासरी, कपाळावर ते पांढरे झुपके घेऊन जायचे? लोक काय म्हणतील? निदान पुढचे चार बोटे केस तरी आवरून जावे, असा मी निर्णय घेतला.

आमचे घर अष्टमीत, म्हणजे पुलापलीकडच्या रोह्यात. शेजारच्या नसीमभाभींचा मुलगा आखातात असतो. ईदला त्याने आणलेली काळ्या मेंदीची एक पुडी भाभींनी मला प्रेमाने दिली होती. पुडीवरच्या सूचना अरबीत. भाभींच्या घरी अरबी वाचणारी तीन माणसे आणि आमच्या दोन घरांत भिंत एक. पण मराठी-संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या बाईने पुडी हातात धरून 'हे जरा वाचून दाखवता का?' असे विचारायला जायचे कसे? मी चित्रे पाहून काम भागवले. चित्रात एक बाई हसत होती. एवढे मला पुरेसे वाटले.

शनिवारी दुपारी माझे यजमान झोपले असताना मी ते काळे लेपन केले.

"कसला जळका वास येतोय गं?" आतून आवाज आला.

"वांगी भाजतेय!"

"वा! म्हणजे रात्री भरीत?"

घरात वांगी नव्हती. डोक्याला फडके गुंडाळून बाजारात जाऊन वांगी आणावी लागली. (खोट्याचा पहिला दंड. तो सर्वांत हलका होता.)

रविवारी आम्ही दोघे एस.टी.ने निघालो. पाऊस बेताचा होता, पण उकाडा भलताच. वाटेत गडब गावाला हिराबाई नावाच्या एक बाई गाडीत चढल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि माझ्याकडे निरखून पाहू लागल्या.

"बाई, तुमच्या कानापाशी काळा वघळ आलाय वो."

"काजळ असेल," मी म्हणाले.

"कानाला?"

मी खिडकीबाहेरची भातखाचरे पाहू लागले. बोलता बोलता कळले, की त्याही मेघाच्याच प्रात्यक्षिकाला निघाल्या आहेत. उरलेला प्रवास मी मान वळवली नाही.

खोलीत सात बायका बसल्या होत्या. दाराशी स्टुलावर, हाताची घडी घालून, शांताबाई. मेघाने मला खुर्चीत बसवले, गळ्याला कापड बांधले, केस मोकळे केले आणि थबकली.

"मावशी, पुढचे काळे नि मागचे पांढरे? सगळ्यांचं उलटं असतं! काही लावलंस का तू?"

खरे उत्तर अगदी जिभेवर आले होते. पण आरशात सात चेहरे दिसत होते आणि आठवा हिराबाईंचा.

"छे गं! मी कशाला लावू?"

"नक्की?"

"आपल्या घराण्यात पुढचे उशिरा पिकतात."

"अगं, माझ्या आईचे पुढचेच आधी पांढरे झाले!"

"ती थोरली."

(या उत्तरात तर्क नव्हता, पण ठामपणा होता. पस्तीस वर्षे मुलांना शिकवल्याने तेवढा येतो.)

मेघाचे समाधान झाले नव्हते. परंतु बायका ताटकळत होत्या आणि मावशी खोटे बोलते हे तिला माहीत नव्हते. तिने रंग लावला. हात चालत होते, बोलणे चालले होते, बायका मान पुढे काढून पाहत होत्या. एकीने तर मुलीच्या साखरपुड्यासाठी दिवसही विचारला. शांताबाईंच्या हातांची घडी थोडी सैल झाली. आणि माझे कपाळ तापू लागले.

"मेघा, हे असं गरम लागतं का?"

"गरम? कुठे?" तिने बोट लावले आणि झटकन मागे घेतले. "अगं आई गं! तवा झालाय!"

तिने मला ओढतच नळापाशी नेले, भराभर डोके धुतले, टॉवेल गुंडाळला आणि सर्वांसमोर आणून तो काढला.

मी आरशात पाहिले.

मागचे केस वहीत लिहून घेतल्याप्रमाणे तपकिरी, मधाच्या छटेचे. आणि पुढे, कपाळावर, चार बोटे रुंद...

"आगो बाय!" हिराबाई ओरडल्या. "विहिरीचा शेवाळ!"

माझ्या यजमानांनी दारातून डोकावून शांतपणे विचारले, "यंदाचा पावसाळी रंग हाच का?"

शांताबाई उठल्या. "झाली हौस? उद्यापासून गणपती आत." बायका छत्र्या गोळा करू लागल्या. साखरपुडावाली सर्वांत पुढे. मेघाने माझ्याकडे एकदा पाहिले. तिची हनुवटी थरथरत होती. वेणी ओढल्यावर लहानपणी थरथरायची, तशीच.

"माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

तिने मला दोष दिला असता, तर कदाचित मी गप्प राहिले असते. मोठ्या माणसांच्या घोळक्यात माझा आवाज फुटत नाही. शाळेतून निवृत्त होतानाच्या निरोप समारंभातही मी फक्त नमस्कार केला होता. पण त्या क्षणी गळ्यातल्या कापडासकट मी उभी राहिले, आणि सवय नसल्यामुळे जे बाहेर पडले ते असे:

"उपस्थित भगिनींनो! घडल्या प्रकाराची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. काल दुपारी तीन वाजता मी स्वगृही, कोणासही न विचारता, केशांच्या अग्रभागी काळी मेंदी लावली. भाचीने विचारले असता मी असत्य बोलले."

"काय म्हनतात त्या?" मागून कोणीतरी विचारले.

"घरूनच कायतरी थापून आल्या म्हनं!" हिराबाईंनी सोप्या मराठीत सांगितले. "मी गाडीतच वळखलं व्हतं. कानाला काजळ!"

"मंग आधी का नाय बोललात वो?"

"लाज वाटली," मी म्हणाले. तेवढेच वाक्य सर्वांना समजले.

आधी एक बाई हसली, मग सगळ्या. साखरपुडावालीने छत्री पुन्हा कोपऱ्यात टेकवली. "मी पन पार्लरला जाताना दर वेळी लावून जाते. चहाचं पानी." दुसरी म्हणाली, "मी लिंबू." तिसरीने जे सांगितले ते तिच्या विश्वासाखातर लिहीत नाही.

शांताबाई हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या, माझी एक हिरवी बट चिमटीत धरून उजेडाकडे वळवली आणि सुनेला म्हणाल्या, "हिरवा मारायला काय देतात?"

"तांबडा," मेघा डोळे पुसत म्हणाली. "पण आई, आता औषधाचा रंग नाही चालायचा. केस जळतील."

"मंग साधी मेंदी? झाडाची? ती तांबडीच असते ना गो?"

मेघा सासूकडे बघतच राहिली. "चालेल! ती चालेल!"

मेघाने आधी करपलेली टोके कापून माझ्या गालापर्यंत बटा काढल्या. मग शांताबाईंनी कोरा कुंचला आणून, मूर्तीच्या भुवया रेखाव्यात तशी, बट न् बट मेंदीने रंगवली. दोन तास गेले. एकही बाई उठली नाही. धुतल्यावर हिरवा गेला आणि असा गडद तपकिरी उतरला, की मेघाच्या कुठल्याच सूचनेत तो नव्हता.

"मला हाच पायजे!" हिराबाई म्हणाल्या. "आधी हिरवा करून मंग!"

श्रावण लागला तेव्हा गणपती पडवीतच राहिले. खोली आजही पार्लर आहे. शांताबाई आता आरशाशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि 'या नाकाला तो रंग शोभायचा नाय' असे न विचारता सांगतात. बायका ते ऐकायलाच येतात, असे मेघा म्हणते. नसीमभाभींनी नंतर पुडी वाचून दाखवली. पहिलीच ओळ होती, यावर दुसरा रंग लावू नये.

पेणच्या बाजारात आता अनोळखी बायका मला नमस्कार करतात. पस्तीस वर्षे मुलांना शिकवले, त्याचे फळ असावे, असे मला प्रथम वाटले. मग एकीने विचारले, "त्या शेवाळवाल्या मावशी तुमीच ना?"

एवढे सगळे लिहून झाल्यावर एकच विचारते. गळ्याला कापड बांधलेले आहे, आरशात आठ चेहरे दिसत आहेत आणि भाची विचारते आहे, 'काही लावलंस का?' तुम्ही खरे सांगितले असते का?